बिनछिन्नीची भिंत

मला अक्षरं उशिरा आली. लेकरं शाळेत जायला लागली तेव्हा त्यांच्याच पाटीवर मी गिरवायला शिकले. त्यामुळे माझं लिहिणं जरा ओबडधोबड आहे आणि स्वभावही काही वेगळा नाही. घरातले सगळे किती दिवस मागे लागलेत, त्या जंगलातल्या घराचं एकदा लिहून ठेव. म्हटलं लिहिते, पण मध्येच कुणी नाक खुपसायचं नाही. मी तिथं होते, तुम्ही नव्हता.

आमचं घर पाथरवटाचं. जाती, पाटे, वरवंटे घडवायचे, कुणाचं जोतं बांधायचं, विहिरीच्या पायऱ्या करायच्या. माझे सासरे, म्हणजे मामंजी, आमच्या सगळ्या पट्ट्यात नावाजलेले मिस्त्री. त्यांनी बसवलेल्या दोन दगडांच्या सांध्यात डोक्याचा केस जायचा नाही. हे मी सून म्हणून फुगवून सांगत नाही, नरसीला एका विहिरीच्या पायऱ्या आहेत त्यांनी केलेल्या, जाऊन केस घालून बघा. हट्ट्याला त्यांनी बांधलेलं एक जोतं आहे, त्याच्यावरून लोक हात फिरवायचे. मामंजी वाटेनं चालले की माणसं म्हणायची, ह्ये त्या गुळगुळीत जोत्याचे मिस्त्री. मामंजी ऐकू न आल्यासारखं करायचे आणि चार पावलं ताठ चालायचे.

माझा नवरा लांब धरणाच्या कामावर गेलेला, सणावाराला यायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात मामंजी, मी आणि तीन गाढवं.

निजामाच्या राज्याची शेवटची सातआठ वर्षं राहिली असतील तेव्हाची ही गोष्ट. पैनगंगेकडच्या डोंगरात सरकारी राखीव जंगल होतं आणि त्या जंगलातून एक पायवाट होती. वरच्या गावांची माणसं त्याच वाटेनं कळमनुरीच्या बाजाराला यायची. जंगलाचे एक साहेब हैदराबादेहून बदलून आले होते. किडकिडीत, उंच, बोलायला इतके मऊ की आमचे गडी त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचे. हे साहेब जंगलाचं शिक्षण घ्यायला साता समुद्रापलीकडे जाऊन आलेले. तिकडं म्हणे सरकार आख्खीच्या आख्खी जंगलं राखून ठेवतं, लाकडासाठी नाही, शिकारीसाठी नाही, नुसती लोकांनी बघावीत म्हणून. मला तर हसूच फुटलं. जंगल काय बघायचं? घराबाहेर पाऊल टाकलं की जंगलच आहे!

साहेब सांगायचे, तिकडं त्या जंगलांतल्या पायवाटांच्या कडेला छोटी छोटी घरं असतात. त्याच जंगलातला दगड, त्याच जंगलातली लाकडं, सालीसकट. आत ठेवलेलं काय? तर बाहेर जे आहे तेच. एखादा दगड, एखाद्या जनावराच्या पावलाचा ठसा, पाखराचं पीस, झाडाचा आडवा काप. माणूस वाटेनं येतो, आत जातो, बघतो, बाहेर येतो, आणि मग त्याला जंगल ओळखू यायला लागतं. अशी तीन घरं आपल्या पायवाटेवर बांधायची साहेबांच्या मनात होती. त्यांना ते अजायबखाना म्हणायचे. मी सांगते ती पहिल्या घराची गोष्ट.

काम मामंजींकडं आलं. साहेबांनी कातडी पाकिटातून एक फोटो काढून दाखवला आणि म्हणाले, "मिस्त्री, बाहरसे छन्नी नक्को. पत्थर जंगल में जैसा पडा है, वैसाच लगाना. ऐसा दिखना के घर पहाड में से उगा है. एकदम सादा."

मामंजींनी फोटोवर नजर टाकल्यासारखं केलं आणि मान डोलावली. "व्हय साहेब. साधंच करू."

आता इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मामंजींना दिसत नव्हतं.

एका डोळ्यात तरुणपणीच दगडाची कपची उडाली होती, त्यात फूल पडलेलं. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत चालला होता. उजेड आहे का सावली एवढं कळायचं, पुढं माणूस उभा आहे का खांब एवढं कळायचं, बाकी सगळा धूर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. पण रोज ताट वाढणारीपासून काय लपतं? भाकरी डावीकडं ठेवली की हात उजवीकडं जायचा.

त्यांचं म्हणणं मला न सांगता कळत होतं. हे काम शेवटचं, आणि ते त्यांना स्वतःच्या हातानं उभं करायचं होतं. साहेबांना कळलं की आंधळा मिस्त्री आहे, तर दुसऱ्या दिवशी दुसरा मिस्त्री येणार. पैशाचं मरू द्या, नवरा पाठवत होता. पण ज्या माणसाच्या कामावरून लोक हात फिरवत होते त्याला कुणी बाजूला बसवून चहा दिला असता ना, तर तो त्याच दिवशी मेला असता. मला त्याची इतकी भीती वाटायची की दगडाची पाटी डोक्यावर असताना पण तेच मनात चालायचं.

आणि आमच्यात सून सासऱ्याशी तोंड उघडून बोलत नाही. पदर पुढं ओढायचा, काही सांगायचं तर तिसऱ्याकरवी सांगायचं. मी लग्न होऊन आले त्याला सहा वर्षं झाली होती आणि माझा शब्द त्यांच्या कानावर सरळ कधी पडला नव्हता. मग आंधळ्याला सांगायचं कसं?

गाढवाकरवी.

झालं असं, एका दिवशी मामंजींनी भेगाळलेल्या दगडावर हातोडा उचलला. तो दगड फुटून त्यांच्या पायावरच आला असता. मला राहवलं नाही. मी शेजारच्या गाढवाला ओरडले, "मेल्या, डोळे फुटले का तुझे? त्या दगडाला आडवी भेग हाय, दिसत न्हाई?" हातोडा हवेतच थांबला. मामंजींनी दगड चाचपला, भेग सापडली, दगड बाजूला सारला.  दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर गेले तेव्हा त्यांनी त्या गाढवाला आपल्या शेजारी बांधून ठेवलं होतं!

झालं. तेव्हापासून मी दिवसभर गाढवाशी बोलायची. "अरे रताळ्या, तुझ्या डाव्या हाताला पाण्याचं मडकं हाय, लाथ मारशील." "दगड उजवीकडं फुगलाय बघ." गडी हसून हसून लोळायचे. पाथरवटाची सून येडी झाली म्हणून गावभर झालं. झालं तर झालं. गाढवाला मात्र माझी दया यायला लागली असावी, बिचारं कान टवकारून ऐकायचं.

पाया भरला, आणि साहेबांना हैदराबादेहून बोलावणं आलं. दीड-दोन महिने येणार नव्हते. जाताना परत बजावून गेले, सादा, एकदम सादा.

त्या संध्याकाळी मामंजी जेवताना बाहेर बघून, म्हणजे मला ऐकू जाईल असं, बोलले, "मोठा माणूस हाय. आपल्याला तकलीफ नको म्हणून साधं कर म्हणतो. आता पाव्हणा म्हणतो, वाढू नका, पोट भरलं. म्हणून काय आपण ताट उचलून घ्यायचं?"

मला ते शंभर टक्के पटलं. खोटं कशाला बोलू? आमच्याकडं कुणी साधं करा म्हटलं की ती त्याची रीत, आणि त्याच्यापेक्षा चांगलं करणं ही आपली रीत. शिवाय बिनघडीव दगडाची भिंत म्हणजे काय? शेताचा बांध! तो कुणीही गडी रचतो. त्यासाठी मामंजींसारखा मिस्त्री कशाला? साहेब परत येतील तेव्हा त्यांचे डोळे दिपले पाहिजेत, असं मला पण वाटत होतं.

दोन महिने आम्ही जीव ओतला. मामंजी डाव्या हाताचा अंगठा छिन्नीच्या पुढं पुढं सरकवत दगड घडवायचे, अंगठाच त्यांचा डोळा. कितीदा हातोडा त्याच्यावर बसला, नख काळंनिळं झालं. पण दर्शनी भिंत छातीएवढी उभी राहिली आणि काय भिंत होती! एकेक दगड कापलेल्या खव्यासारखा सरळ. बाजूच्या भिंतींना घडवायला वेळ पुरला नाही, तर तिथले दगड मी काथ्या आणि राख घेऊन घासले. दिवाळीला भांडी घासावीत तसे. त्याच्यावर कसले कसले हिरवे, पिवळे, राखाडी डाग चिकटलेले होते, जुनाट. सगळे खरवडून काढले, वरून पाणी मारलं. दगड नवा निघाला.

साहेब दुपारी आले. घोड्यावरून उतरले आणि भिंतीपुढं उभे राहिले. आम्ही वाट बघतोय, आता बोलतील, आता बोलतील. मामंजी ताठ उभे. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, सांध्याला नख लावून बघितलं. मग बाजूच्या भिंतीकडं गेले, आणि मी घासलेल्या दगडांपुढं खाली बसले. बराच वेळ बसले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पहाड की खाल उतार दी तुम ने."

रागानं नाही बोलले हो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेजारच्या नाल्यातला एक दगड दाखवला. त्याच्यावर रुपयाएवढा एक पिवळसर डाग होता. हे काय आहे माहीत आहे का, त्यांनी मला विचारलं. मी पदराआडून मान हलवली. म्हणाले, बाई, मसाल्यात दगडफूल टाकता ना? हा त्याचाच भाऊबंद. जिवंत आहे. ह्याला एवढं व्हायला एका माणसाचा जन्म पुरत नाही. हा डाग तुमच्या आजेसासऱ्याच्या वेळी मसुरीएवढा असेल, त्याच्याही आधी नुसता ठिपका.

 मी किती दगड घासले होते! किती जन्म मी काथ्यानं खरवडून पाण्यात सोडले, आणि वर लोकांना सांगत होते, बघा कसं लख्ख झालं. मी आपल्या बोटांकडं बघत राहिले. राखेनं चिरा पडल्या होत्या, मला त्यांचा किती अभिमान वाटत होता.

मामंजी म्हणाले, "साहेब, साधं म्हणाला होता तुमी. आमी त्याच्यावर चढ केली. रीत हाय आमची."

"मिस्त्री, मी मनापासून साधं म्हटलं होतं," साहेब म्हणाले आणि पाकिटातून तोच फोटो काढून मामंजींच्या हातात दिला. "नीट बघा. त्या भिंतीत एक तरी छिन्नी दिसते?"

मामंजींनी फोटो दोन्ही हातांत धरला. डोळ्यांजवळ नेला. मान वाकडी करून बघितला, जाणकारानं बघावा तसा. "व्हय," ते म्हणाले, "आता आलं ध्यानात. सुंदर बांधलंय."

फोटोची पाठ त्यांच्याकडं होती. कोऱ्या पाठीकडं बघत होते ते. साहेब समोरून बघत होते, गडी बघत होते. गाढव लांब नाल्यात चरत होतं. आणि मी, माझी जीभ जळो, मी सहा वर्षांत पहिल्यांदा मामंजींना तोंडावर हाक मारली.

"मामंजी, उलटा हाय!"

अगं बाई! मी त्यांची लाज झाकायला गेले आणि सगळ्यांसमोर उघडी करून बसले. मामंजींनी फोटो सुलटा केला नाही. हात खाली गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं निघून गेलं, नुसतं म्हातारं तोंड राहिलं. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. पदर तोंडात कोंबून मी तिथंच बसले.

 मग मामंजींनी फोटो साहेबांपुढं धरला, तोही जरा चुकीच्या दिशेनं, आणि म्हणाले, "दिसत न्हाई मला हे कुणाला ठाव नव्हतं. दुसरा मिस्त्री आणायचा तर आणा. पर ही भिंत पाडायची ती मीच पाडीन. दुसऱ्याचा हात लावू नका."

आणि पाडायला लागले. वरचा थर सैल करून एकेक दगड उचलून बाजूला ठेवायचे, फेकायचे नाहीत. ज्या दगडासाठी अंगठा ठेचून घेतला होता तो दगड. मला बघवेना. गडी मदतीला सरसावले तर त्यांना हातानं मागं केलं. ऊन उतरेपर्यंत एका बाजूची निम्मी भिंत पायापर्यंत खाली आली.

मग काय केलं त्यांनी, कंटाळून असेल की हाताला सवय म्हणून असेल, नाल्यातल्या त्या डागवाल्या दगडाला हात लावला. चाचपला. उचलला. घराच्या पायावर ठेवला, फिरवला, बसवला. दुसरा घेतला. तोही चाचपला, एकदाच फिरवला, पहिल्याशेजारी बसवला. खट्ट. असा आवाज आला की दोघांचं आधीपासून ठरलेलंच होतं. तिसरा. चौथा. आमचे गडी बिनघडीव दगड बसवायचे तर एकेक दहादा फिरवायचे, बघायचे, खाली चिपा घालायचे. मामंजी बघत नव्हतेच. त्यांच्या बोटांना दगडाचा खळगा कळायचा आणि आधी बसवलेल्या दगडाचा फुगवटा आठवायचा. सहासात दगड बसले तोवर साहेब उठून जवळ आले होते. त्यांनी एक दगड हलवून बघितला. हलला नाही. चुना नव्हता, काही नव्हतं.

माझं रडणं थांबलं. मी सहा वर्षं त्यांना दगड घडवताना बघितलं होतं. दगड ओळखताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "छन्नी बगैर की दीवार को आँख काहे को लगती?"

मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही गाढवाशी काय बोलत होता ते मला आता समजलं. पण दगडाचा रंग गाढवाला सांगून काय उपयोग? ह्यांना सांगा."

मी मामंजींकडं बघितलं. ते दगडावर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "बोल पोरी. काय रंग हाय ह्याचा?"

 एरवी माझी जीभ बघावी, बाजारात भल्याभल्यांना पुरून उरते. कसंबसं म्हणाले, "पिवळा हाय, मामंजी."

"पिवळा कसला?"

"हळदीचा न्हाई. तूर वाळत आली की शेंगा दिसत्यात तसा. मधी जरा राख फासल्यावानी."

"मग त्यो बाहेरच्या बाजूनं घेऊ," ते म्हणाले.

पुढचे चार महिने असेच गेले. मी जंगलात हिंडून दगड शोधायची, गाढवावर लादून आणायची, आणि मामंजींना सांगायची. ते हातानं सांगायचे, मी डोळ्यांनी. एक दिवस त्यांनी मला शिकवलं की प्रत्येक दगडाला एक आभाळाची बाजू असते आणि एक भुईची. आभाळाची बाजू कोरडी, खरखरीत. भुईची गार आणि जरा चिकट. "जसा पडला तसाच बसवायचा. आभाळाची बाजू आभाळाला. न्हाईतर त्याच्यावरचं त्ये जितं मरंल." हे त्यांना साहेबांनी नाही सांगितलं, त्यांच्या हातांनी सांगितलं. साहेबांनी ऐकलं तेव्हा वहीत लिहून घेतलं.

आणि माझं काय झालं ते कसं सांगू? जे डाग मी राखेनं घासले होते, ते मला दिसायला लागले. एकेका दगडावर आख्खं रान होतं. मुंगीच्या पोरीला हरवायला होईल एवढं. शेवाळी, तांबूस, चुन्यासारखं पांढरं, कडेनं काळी किनार असलेलं. कधी कधी मी दगड हातात घेऊन उभीच राहायची, पाऊल उचलायचं विसरून. मामंजी हाका मारायचे, "अगं, मेलीस का जित्ती हायस?" मी म्हणायची, "थांबा हो, जरा बघू द्या." सासऱ्याला थांबा म्हणणारी सून! माझी आई असती तर लाटणं फेकून मारलं असतं.

भिंती झाल्या. वर सालीसकट सागाचे वासे पडले, त्यावर खापरं. साहेबांनी आत फळ्या ठोकून वस्तू मांडल्या. चुन्यात घेतलेला वाघाच्या पंजाचा ठसा, साळिंदराचे काटे, अस्वलाचं नख, सागाचा एक गोल काप, त्याच्यावरच्या रेघा मोजल्या तर झाडाचं वय निघतं म्हणे. मी मोजायला बसले तर माझी आजी जन्मायच्या आधीच बोटं संपली. आणि खिडकीत, उजेडात, दोन भकलं केलेला एक दगड.

साहेबांनी त्यातलं एक भकल मामंजींच्या हातात दिलं. मामंजींनी बाहेरून चाचपलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्यो तर पोकळ दगड. कामाचा न्हाई. फोडला की आमी फेकून देतो."

"आत हात घाला," साहेब म्हणाले.

मामंजींनी बोट आत घातलं आणि ओढून घेतलं, मग हळूच परत घातलं. आतून तो दगड सगळा स्फटिकाचा होता. टोकदार, लहान लहान, दाटीनं उभे राहिलेले, पांढरे, आणि खोल आत जांभळे. खिडकीतून ऊन आत पडत होतं आणि त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर उजेडाचे ठिपके हलत होते.  हे डोंगराच्या पोटात होतं? आमच्या पायाखाली? ह्यावरून मी गाढवं हाकत होते?

"कसं दिसतं गं?" मामंजींनी विचारलं.

चार महिने मी त्यांना एकेक रंग सांगितला होता. हे मात्र शब्दांत बसेना. मी म्हटलं, "मला न्हाई सांगता येत, मामंजी." ते हसले. बोट आतच होतं. "हयातभर फेकत आलो की गं मी," एवढंच म्हणाले. 

दार बाजाराच्या दिवशी उघडलं. मामंजी बाहेर, दाराशेजारच्या दगडी बैठकीवर बसले होते. गड्यांना ताकीद होती, आंधळा मिस्त्री हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. ती ताकीद मी दिली होती, आणि कुणाची टाप होती मोडायची? मामंजी आता आम्हा घरच्यांपुढं चाचपून चालायचे, पण परका दिसला, म्हणजे परक्याची चाहूल लागली, की पाठ ताठ, मान वर, नजर समोर.

लोक यायला लागले. दारात पायताणं काढायचे, आत जाऊन हात जोडायचे. एका बाईनं वाघाच्या पंजापुढं नारळ ठेवला. साहेब तिला समजावत होते, आणि ती मान हलवत होती, पण नारळ काही उचलला नाही तिनं.

दुपारी वरच्या गावचा एक म्हातारा शेतकरी आला, डोक्यावर दोऱ्यांचं गाठोडं. आत जाऊन आला, पाणी प्याला, मामंजींशेजारी बसला आणि तोंड पुसत म्हणाला, "काय हो, ही खोली कव्हापासून हाय हितं? मी दर हप्त्याला ह्या वाटंनं जातो. कशी दिसली न्हाई मला?"

माझं डोकं सटकलं. चार महिने घाम गाळला, त्याआधी दोन महिने गाळून बांधलेलं पाडलं, आणि हा म्हणतो कधीपासून आहे! मी पुढं झाले, "अहो, ही बांधली ती—"

मामंजींनी हात वर केला. 

"मला दिसत न्हाई बाबा," मामंजी त्या परक्या माणसाला म्हणाले. "मी आंधळा हाय. तूच सांग, कशी हाय ती?"

तो शब्द त्यांनी स्वतः उच्चारला. 

म्हाताऱ्यानं गाठोडं खाली ठेवलं. मामंजींचा हात धरला आणि त्यांना भिंतीशी नेलं, त्यांच्याच भिंतीशी. "हितं हात ठेव. हितं पिवळं हाय. त्याच्या खाली शेवाळ हाय, हिरवंगार. हितून एक बारीक झाड निघालंय, दोन पानांचं. आरं, बांधलेली म्हणावं तर दगडाला माणसाचा हात लागलेला दिसत न्हाई. डोंगरच हाय, बाबा. आत जायला वाट ठेवलीय एवढंच."

"हात लागलेला दिसत न्हाई?" मामंजींनी विचारलं.

"तुझ्या गळ्याशपथ न्हाई."

मामंजींच्या फूल पडलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही आणि लपवलंही नाही. "पुन्यांदा सांग," ते म्हणाले.

बाजाराला उशीर होत होता, पण त्या माणसानं भिंतीच्या कोपऱ्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.